घरात पिस्तूल ठेवावं का? परवाना, .३२ बोअर आणि नेमबाजी: परभणीच्या कुटुंबांसाठी माहिती

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याचे वालिद आम्हाला भेटायला थांबले. मोंढ्यात आडतीचं काम, कापसाच्या हंगामात घरी रोकड येते-जाते, रात्री-अपरात्री प्रवास. मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला एक माणूस छोट्या कार्बाइनबद्दल सांगत होता. आकारानं लहान, गोळी पिस्तुलाची, धक्का कमी, घराच्या रक्षणाला चांगली आणि रविवारी रेंजवर जाऊन नेम धरायलाही चांगली. ते म्हणाले, "सर, असलं काही आपल्याला घेता येतं का? घराची हिफाजतही होईल आणि पोरगा नेमबाजीही शिकेल."

हाच प्रश्न आम्हाला याआधी दोन-तीन घरांतून आला होता. म्हणून सगळी माहिती एका जागी लिहून काढली. उत्तर आधीच सांगतो. व्हिडिओतली ती बंदूक भारतात सामान्य माणसाला मिळत नाही. तिच्या जवळचं जे मिळतं ते .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, त्यालाही परवाना लागतो आणि तो सहज मिळत नाही. घराच्या रक्षणाला ते किती उपयोगी, याचा हिशेब पुढे मांडला आहे. नेमबाजीसाठी मात्र वेगळा, स्वस्त आणि मुलांना खुला असलेला रस्ता आहे.

ती छोटी कार्बाइन म्हणजे नेमकं काय

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. नेहमीच्या रायफलमध्ये लांब, जोरकस काडतूस असतं. व्हिडिओतल्या कार्बाइनमध्ये पिस्तुलाचं काडतूस चालतं, बहुतेक ९ मिमी. खांद्याला टेकवून धरता येत असल्यामुळे पिस्तुलापेक्षा नेम स्थिर राहतो, काडतूस लहान असल्यानं धक्का कमी बसतो आणि नळी थोडी लांब असल्यानं गोळीचा वेग थोडा वाढतो. तिथल्या लोकांना ती का आवडते ते यावरून कळतं. पण तिथला कायदा वेगळा आहे. तो व्हिडिओ पाहून इथं काही ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या शेताचा सातबारा बघून आपली पेरणी करणं.

आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत अशा बंदुकीचा जवळजवळ नाव घेऊन उल्लेख आहे. सैन्य-पोलिसांचं ९ मिमीचं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं अशी पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन प्रतिबंधित वर्गात मोडतात. .३८०, .४५५ आणि .४५ च्या काडतुसांचंही तसंच. अशा हत्याराची परवानगी जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ७ प्रमाणे ती केंद्र सरकारकडूनच मिळते आणि सामान्य व्यापारी-शेतकऱ्याला ती मिळण्याचा प्रश्न जवळजवळ येत नाही.

या जातीची हत्यारं आपल्या देशात तयार होतात, पण ती फौजेसाठी. पुण्याच्या पाषाण भागातली डीआरडीओची प्रयोगशाळा एआरडीई आणि महूचं इन्फन्ट्री स्कूल यांनी मिळून ९ मिमीचं 'अस्मि' हे मशीन पिस्तूल तयार केलं. जानेवारी २०२१ मध्ये ते लोकांसमोर आलं. त्यामागे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड हे मराठी नाव होतं. वर्तमानपत्रात असं काही वाचून 'आता हे बाजारात मिळेल' असं कुणी समजू नये.

कायद्याची चौकट

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हतं आणि युरोपियनांना सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यात माणसामाणसांतला हा भेद गेला, पण परवान्याची अट राहिली. भारतात बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या एका जामिनाच्या प्रकरणात, विनापरवाना हत्यारांबद्दल चिंता व्यक्त करताना, अमेरिकेशी तुलना करून हेच सांगितलं.

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा:

- परवान्यासाठी वय किमान २१ पूर्ण हवं.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत होत्या. वारशानं आलेली बंदूकही याच दोनमध्ये मोजली जाते.
- परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षं होती, आता पाच वर्षं आहे.
- विनापरवाना साधं पिस्तूल सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, वर दंड. प्रतिबंधित हत्यार असेल तर किमान सात वर्षं. बेकायदा हत्यार बनवणं किंवा विकणं यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.
- लग्नात, मिरवणुकीत, आनंदाच्या भरात बेपर्वाईनं गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हत्यार परवान्याचं असलं तरी.

यातच 'गावठी कट्ट्या'चं उत्तर आलं. कुणी "दहा-वीस हजारात आणून देतो" म्हणाला तर तो माणूस आपल्याला किमान दोन वर्षांचा तुरुंग विकतो आहे. शिवाय त्या कट्ट्याची नळी कसल्या पाइपची आहे ते कुणालाच माहीत नसतं. फुटला तर आधी आपलाच हात जातो.

कायद्यानं मिळतं ते काय

परवानाधारकाला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर पर्याय प्रामुख्यानं .३२ आणि .२२ बोअरचे.

.३२ चं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे जुनं आणि ओळखीचं. फिरत्या चक्रीत सहा गोळ्या. चालायला साधं, अडकण्याचा संभव कमी. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनतं. २०१४ मध्ये तिथूनच 'निर्भीक' आलं. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, वजन सुमारे अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. त्याची चक्री बाजूला उघडते आणि पल्ला ५० मीटर सांगितला जातो. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यानं .२२ चं 'निडर' काढलं, ते जेमतेम २५० ग्रॅमचं. .३२ चं पिस्तूलही सरकारी कारखान्याचं मिळतं. त्यात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. ते चपटं असल्यानं बाळगायला सोपं, पण मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अपघात होतात.

१ ऑक्टोबर २०२१ पासून हे सरकारी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. लहान हत्यारं बनवणारी कंपनी कानपूरला आहे. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे आणि खडकी व वरणगाव इथले कारखाने तिच्याकडे आहेत.

ताकदीचं बोलायचं तर .३२ ची गोळी ९ मिमीपेक्षा बरीच हलकी. ९ मिमीच्या गोळीत साधारण अडीच ते तीन पट ऊर्जा असते. पण 'हलकी' या शब्दाला कुणी फसू नये. .३२ च्या गोळीनंही माणूस मरतो. आपल्या घरांतली प्लायवूडची दारं, पत्र्याच्या भिंती आणि मधले पडदे तिला अडवत नाहीत.

घराच्या रक्षणासाठी: खरा हिशेब

आता मुद्द्याचं. घरफोडी कधी होते ते आपण आपल्याच गल्लीत बघतो. लोक लग्नाला गेलेले असतात, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेले असतात किंवा घराला कुलूप असतं. कुलूपबंद घरात पिस्तूल काय करणार? उलट चोराच्या हाती सोन्याबरोबर तेही लागतं आणि मग हरवलेल्या हत्याराचा जबाब आपल्याला द्यावा लागतो.

घरात माणसं असताना चोर आला, असं धरू. परवाना घेताना हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आपण दिलेली असते. म्हणजे ते कुलपात हवं, रिकामं हवं आणि काडतुसं वेगळी हवीत. झोपेतून उठून, अंधारात, किल्ली शोधून, काडतुसं भरून तयार व्हायला वेळ लागतो. हा वेळ वाचवण्यासाठी कुणी भरलेलं पिस्तूल उशाखाली ठेवलं, तर ते चोवीस तास घरातल्या मुलांच्या हाताशी राहतं. कुलूप की उशी, यातलं एकच निवडता येतं. तिसरा मार्ग व्हिडिओत कुणी दाखवत नाही.

आणि अंधारात समोर कोण आहे? एकत्र कुटुंबात कुणी तहज्जुदला उठतं, फज्रला अब्बा दार उघडतात, रमजानमध्ये सहरीला अर्धं घर जागं असतं, मोठा मुलगा पुण्याच्या गाडीनं पहाटे येतो. घाबरलेल्या माणसाला सावली दिसते, चेहरा दिसत नाही.

घरातल्या बंदुकीचा आणखी एक धोका आपण बोलत नाही. रागाचा क्षण, जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांतलं भांडण, निकालाच्या दिवशी खचलेलं पोर. असा क्षण बहुतेक वेळा येतो आणि निघून जातो. हाताशी हत्यार असलं तर निघून जायला वेळच मिळत नाही. शिक्षक म्हणून ही काळजी आम्हाला चोरापेक्षा मोठी वाटते.

स्वसंरक्षणाचा हक्क कुठपर्यंत

स्वतःचं रक्षण करण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात कलम ९६ ते १०६ होती. पण त्याला मर्यादा आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क चालत नाही. जीव जाईल इतका प्रतिकार जिवावरचा हल्ला, दरोडा, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी अशा ठरावीक प्रसंगांतच मान्य होतो. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर कोर्टात 'स्वसंरक्षण' सांगणं फार अवघड. गोळी झाडल्यावर गुन्हा, तपास, हत्यार जप्ती आणि तारखा हे सगळं मागे लागतं, मग शेवटी सुटका झाली तरी.

मग घरासाठी काय करावं

त्या वालिदांना आम्ही हेच सांगितलं: "भाई, लाख-सव्वा लाख खर्चायची तयारी आहे ना, मग आधी हे करा." दाराला आतून भक्कम कडी आणि लोखंडी जाळीचं दुसरं दार. अंगणात हालचाल झाली की लागणारा दिवा. कॅमेरा, त्याचं रेकॉर्डिंग घराबाहेरही साठेल असा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. रोकड त्याच दिवशी बँकेत, नाहीतर व्यवहार खात्यावर. बाहेरगावी जाताना शेजाऱ्याला सांगून जाणं, पण स्टेटसवर न टाकणं. ११२ हा नंबर घरातल्या आजीपासून पोरापर्यंत सगळ्यांना पाठ. हे सगळं मिळून पिस्तुलापेक्षा कमी खर्चात होतं आणि यातल्या कशानं आपलंच माणूस मरत नाही.

तरीही परवाना हवाच असेल तर

कुणाला खरोखर धमक्या आहेत, वस्तीपासून दूर शेतात राहणं आहे किंवा व्यवसायात मोठी रोकड न्यावी लागते. अशांनी रीतसर अर्ज करावा. आपल्या जिल्ह्यात परवाना जिल्हाधिकारी देतात. जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं पोलीस आयुक्त.

अर्जासोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. मग पोलीस चौकशी होते. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होऊन एक क्रमांक मिळतो, त्याशिवाय परवाना वैध धरला जात नाही.

कलम १३ मधला एक फरक समजून घ्या. रक्षणासाठी किंवा खेळासाठी २० इंचांहून कमी नसलेल्या नळीची छर्‍याची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांच्याबाबत कायद्याची भाषा मोकळी आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र 'सबळ कारण' पटवून द्यावं लागतं. कारण साधं आहे. लांब बंदूक लपत नाही, पिस्तूल खिशात मावतं. त्यामुळे धमकी आली असेल तर तेव्हाच पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. नुसतं 'भीती वाटते' लिहून भागत नाही.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागता येतात आणि कलम १८ प्रमाणे मुदतीत अपील करता येतं. एजंटाला पैसे देऊन 'बाहेरच्या राज्यातून काढून देतो' या भानगडीत पडू नका. असे परवाने पुढे तपासात निघतात आणि मग हत्यारही जातं, इभ्रतही जाते.

आजोबांची बंदूक

मराठवाड्यात निजामाच्या काळापासून काही घरांत बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबांचं निधन झालं आणि त्यांची बारा बोअर दोन वर्षं तशीच भिंतीवर राहिली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. "दादांची निशाणी आहे" एवढंच. निवडणुकीच्या आधी परवान्यांची यादी तपासताना प्रश्न निघाला, तेव्हा घरच्यांना कळलं की परवाना आजोबांबरोबरच संपला होता आणि त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा होता. कपाशीच्या ऐन हंगामात वकील आणि चकरा मागे लागल्या.

कायद्याचं म्हणणं सरळ आहे. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. मग वारसांपैकी एकानं, बाकीच्यांची ना-हरकत जोडून, स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा. हयातीतही हे करता येतं. धारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. घरात असे बुजुर्ग असतील तर हे काम या वर्षीच हातावेगळं करा.

नेमबाजीचा खरा रस्ता

आता त्या पोराची गोष्ट. नेमबाजी शिकायला .३२ चं पिस्तूल लागतच नाही. जगभर सुरुवात १० मीटर एअर पिस्तूल किंवा एअर रायफलनं होते. त्यात ४.५ मिमीचा छर्रा हवेच्या दाबानं सुटतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्याच्या मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिमी, आपल्या शर्टाच्या बटणाएवढा. मोठ्यांच्या स्पर्धेत असे ६० नेम. पिस्तूल एका हातानं धरायचं, वजन दीड किलोपेक्षा जास्त नको. पुढे .२२ चं २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल येतं. .३२ ची पाळी त्यानंतर सेंटर फायर प्रकारात.

या खेळात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. दोघंही आपल्यासारख्याच भागातून पुढे आले.

सुरुवात कुठून करायची? शालेय क्रीडा स्पर्धांत रायफल शूटिंग आहे. शाळेच्या क्रीडा शिक्षकामार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. कॉलेजात गेल्यावर एनसीसीत .२२ रायफलचा सराव मिळतो. मोठी रेंज बघायची तर पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात आहे. आधी क्लबची एअर पिस्तूल वापरून सहा महिने बघा, मन लागलं तरच स्वतःची घ्या. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जाते. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, पण खरेदीत ओळखपत्राची नोंद होते. ती गच्चीवरून पाखरं मारायला नाही, हे पोराला पहिल्याच दिवशी सांगा. डोळा फोडायला एक छर्रा पुरतो.

रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात ते चार नियम घरातही लागू आहेत. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजा. ज्याला गोळी लागू नये त्याच्याकडे नळी कधीच वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. गमतीतही दुसऱ्याकडे हत्यार रोखू नये, ही ताकीद आपल्या दीनमध्ये आहेच.

मुलांच्या मोबाईलकडेही बघा

शेवटी एक गोष्ट पालक म्हणून. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणं, कमरेला पिस्तूल खोचल्याचं रील टाकणं, याला पोरं 'स्टाईल' म्हणतात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार शस्त्र कायद्यात येते. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, तलवारीला नाही. सणांच्या आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे शस्त्रबंदीचे आदेशही निघतात. पंधरा सेकंदांच्या रीलवरून गुन्हा दाखल होतो आणि मग पासपोर्ट, पोलीस भरती, सरकारी नोकरी, प्रत्येक ठिकाणी चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो. आपल्या पोरांना हे नुकसान परवडणारं नाही.

ते वालिद नंतर पुन्हा आले होते. दुकानाला आणि घराला कॅमेरे बसवले, घरी दुसरं दार लावलं. पोराचं नाव शाळेच्या रायफल शूटिंगच्या यादीत घातलं आहे. कार्बाइनचा व्हिडिओ तो अजून बघतो, पण आता छर्रा दहाच्या वर्तुळात का जात नाही, हा त्याचा प्रश्न आहे.